शिक्का नसलेला काटा

शीव कोळीवाड्यातील एका फरसाणाच्या दुकानात डिसेंबर महिन्यात दुपारी साडेचारनंतर जी धांदल उडते, तिचे कारण परक्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. त्या दिवसांत मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि चौविहार पाळणाऱ्या घरांना त्याआधी जेवण उरकावे लागते. पूर्वी अचानक पाहुणे आले, तर घरातला एखादा मुलगा डबा घेऊन दुकानात येई. आता मागणी मोबाईलवरून येते. शीव, माटुंगा, वडाळा येथील घरांतून कांदा-लसूण-बटाटा नसलेल्या पदार्थांच्या मागण्या एकामागून एक येऊ लागतात, आणि पुष्कळांच्या खाली एकच सूचना असते : सूर्यास्तापूर्वी पोहोचवावे.

दुकान जुने आहे. सध्याच्या शेठजींच्या वडिलांनी ते घेतले तेव्हा शेजारच्या रेल्वे स्थानकाचे नावही कोळीवाडा असेच होते. गुरु तेगबहादूर नगर हे नाव नंतरचे. कोळी बांधवांची मूळ वस्ती, फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी निर्वासितांच्या इमारती, आणि त्यांच्यामधल्या रस्त्यांवर दुकाने थाटलेली व्यापारी कुटुंबे, असा हा परिसर. शीव या शब्दाचा अर्थच सीमा. मुंबई बेट येथे संपे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. दुकानात गल्ल्यामागे, तीर्थंकरांच्या तसबिरीखाली, वजनकाट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. वडिलांच्या काळापासून या दुकानात ती तारीख कधी चुकलेली नाही, आणि शेठजींना त्याचा रास्त अभिमान आहे.

त्याच गल्ल्यावर आता एक टॅब असतो. तो शेठजींचा मुलगा सांभाळतो. मागणी आली की तो ‘स्वीकारले’ हे बटण दाबतो आणि दोन-तीन मिनिटांत ‘तयार’ हे बटणही दाबून टाकतो. माल त्या वेळी पुष्कळदा कढईतच असतो. असे का, तर ‘तयार’ला उशीर झाला की दुकानाच्या नावे विलंब नोंदला जातो आणि यादीत दुकान खाली जाते, मग ग्राहकाला ते दिसतच नाही. शेजारचे सगळेच तसे करतात. शेठजींना हे ठाऊक होते. परंतु त्यात कोणाचे काही जाते, असे त्यांच्या मनात कधी आले नव्हते. बटण ते बटण. ते काही वजन नव्हे.

एका संध्याकाळी माल नेण्यासाठी आलेला प्रतीक्षानगरचा एक तरुण वीस-पंचवीस मिनिटे दुकानाबाहेर ताटकळत उभा राहिला. तो काही बोलला नाही. रात्री दुकान बंद करायच्या वेळी तो पुन्हा आला, तो केवळ पाणी मागायला. शेठजींनी त्याला बसवून घेतले, चहा सांगितला आणि सहज चौकशी केली. दिवसभरात ठरावीक फेऱ्या पूर्ण झाल्या तर त्याला जादा मोबदला मिळतो, एक फेरी जरी कमी पडली तरी त्यातला एक रुपयाही मिळत नाही. आणि त्या दिवशी त्याची नेमकी एक फेरी कमी पडली होती. दोन दुकानांत मिळून पाऊण तास गेला, असे त्याने सांगितले. त्याच्या पडद्यावर मात्र माल केव्हाचाच तयार होता. म्हणजे उशीर झाला तो कागदोपत्री त्याचाच.

शेठजी ओशाळले. कचोरीचा एक खोका त्यांनी त्याच्यापुढे केला. तो उठता उठता म्हणाला, “शेठ, खोका राहू द्या. बटण तेवढं माल भरल्यावर दाबत जा.”

व्यापाऱ्याला अशा वेळी दुःख होण्याआधी हिशेब आठवतो, आणि ते वाईट नाही. पुढच्या सुट्टीच्या दुपारी शेठजींनी त्या तरुणाला बोलावून त्याच्या आठवडाभराच्या कमाईचा तपशील पाहायला घेतला. मेळ घालण्यात ते वाकबगार आहेत. दिवाळीच्या सुमारास चार आण्यांचा फरक शोधायला रात्र जागवणाऱ्या पिढीतले ते. फेरीचे पैसे, अंतराचे पैसे, थांबल्याचे पैसे, पावसाचे जादा, लक्ष्य पूर्ण केल्याचे जादा, आणि ‘समायोजन’ या नावाखाली एक वजावट. बेरीज बरोबर होती. पण ती बेरीज कोणत्या नियमाने आली, हे दोघांनाही सांगता येईना. जवळजवळ सारख्याच अंतराच्या दोन फेऱ्यांना वेगळे पैसे होते आणि कारण कुठेच नव्हते. वजावट होती ती एका ग्राहकाने ‘माल मिळाला नाही’ असे कळवल्यामुळे. तरुणाचे म्हणणे कोणी विचारलेच नव्हते. शीव स्थानकावरचा १९१२ सालचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या बांधणीसाठी वाहनांना बंद झाला, तेव्हा धारावीच्या बाजूला जाण्यासाठी केवढा वळसा पडू लागला ते कोळीवाड्यातल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. त्या दिवसांत आपल्याला पैसे कोणत्या अंतराचे मिळत होते, चाकाखालून गेलेल्या की नकाशावरच्या, हे त्या तरुणाला आजही सांगता येत नाही.

त्याची आणि त्याच्या सोबत्यांची आणखी एक पक्की समजूत आहे : लक्ष्य जवळ आले की मागण्या मुद्दाम विरळ केल्या जातात. ही समजूत चूकही असेल. रात्री उशिरा मागण्या तशाही कमी होतात, आणि दहा-बारा तास गाडी चालवून थकलेल्या माणसाला शेवटची फेरी येण्यास फार वेळ लागतो असे वाटणे स्वाभाविक आहे. खरे काय ते पडताळून पाहण्याचे साधन मात्र त्याच्या हाती नाही. ज्या पेढीत वही दाखवलीच जात नाही, तिथे नोकराच्या मनात संशय असेल तर त्याचा दोष पेढीकडेच जातो, ही जुन्या बाजाराची रीत होती.

कंपन्या या कामगारांना ‘पार्टनर’ म्हणतात. व्यापारी घरांत या शब्दाला फार वजन आहे. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि त्यात भागीदाराला मिळणारा एक साधा हक्क असा की पेढीच्या कोणत्याही वह्या पाहाव्यात, तपासाव्यात आणि त्यांची नक्कलही करून घ्यावी. झोपता भागीदारही तो हक्क बजावू शकतो. येथे भागीदार म्हटलेला माणूस दिवसभर जागा असतो आणि त्याला स्वतःच्याच खात्याचा नियम पाहता येत नाही. नोकर म्हणावे तर भविष्य निर्वाह निधी, रजा, उपदान द्यावे लागेल; भागीदार म्हणावे तर वही उघडावी लागेल. दोन्ही टाळता येतील अशा सीमारेषेवर त्याला उभे केलेले आहे.

पडद्यामागे काय चालू शकते, हे परदेशातील दोन प्रकरणांवरून कळते. अमेरिकेत ॲमेझॉनने आपल्या ‘फ्लेक्स’ चालकांना, ग्राहकांनी दिलेली बक्षिशी पूर्णपणे तुम्हालाच मिळेल, असे सांगितले होते. परंतु २०१६ च्या अखेरीपासून सुमारे अडीच वर्षे त्या बक्षिशीचा काही भाग कंपनीने स्वतः द्यावयाच्या मूळ मोबदल्यात वळता केला, असा तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तडजोड होऊन कंपनीने ६ कोटी १७ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. ग्राहकाने उदारपणे दिलेले पैसे कंपनीचा खर्च वाचवीत होते, आणि देणाऱ्याला व घेणाऱ्याला, दोघांनाही ते दिसत नव्हते. दुसरे प्रकरण आपल्या देशातील कंपनीचे. मार्च २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने ओला कंपनीला आदेश दिला की चालकांच्या कमाईतून यंत्रणेने आपोआप केलेल्या वजावटी आणि दंड कोणत्या निकषांवर ठरतात, हे त्या चालकांना समजावून सांगावे. न्यायालयात गेले होते ते मुख्यतः ब्रिटनमधील चालक. मुंबईचे ॲप-टॅक्सीचालक २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये बारा दिवस गाड्या उभ्या करून बसले होते. आश्वासने मिळाली, पण यंत्रणा कशी चालते ते काही कळले नाही.

दुकानदारही याच काट्याखाली आहे, हे येथे सांगितले पाहिजे. दलाली किती टक्के, सवलतीचा भार कोणाचा, जाहिरातीला पैसे न दिल्यास नाव यादीत कुठे जाते, हे त्यालाही पूर्ण उमगत नाही. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे झोमॅटो आणि स्विगी यांच्याविरुद्ध तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. दुकानदारांना संघटना होती, वकील होते, आयोगाचे दार माहीत होते. त्यांच्याच दारात उभ्या असलेल्या तरुणाला त्यांपैकी काय होते? आणि वरून आलेला दाब दुकानदाराने कुठे उतरवला? खालच्या माणसाच्या खांद्यावर, एका बटणाने.

शेठजींचे थोरले बंधू वाशीच्या बाजार समितीत धान्याचा गाळा चालवतात. कुटुंबाची मूळ पेढी दाणाबंदरची. बाजार खाडीपलीकडे हलला तेव्हा तीही गेली. ही सगळी हकिगत ऐकून बंधूंनी जे सांगितले त्यात नवे काही नव्हते, पण शेठजींना ते या प्रकरणात सुचले नव्हते. पाठीवर पोते वाहणारा हमालही असाच होता. त्याला एक मालक नव्हता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, पैसे पोत्यावर. पोते आले नाही तर मजुरी नाही, पाठ मोडली तर गावाची वाट. व्यापारी म्हणत, तो आमचा नोकर नाही. आणि ते कायद्याने खरेही होते. अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याने ‘नोकर की स्वतंत्र’ या वादात वेळ घालवला नाही. कामगारांची नोंद केली, कामगारांना काम देणाऱ्या व्यापाऱ्यांचीही नोंद केली, आणि मध्ये एक मंडळ बसवले, ज्यावर कामगार, मालक आणि सरकार या तिघांचेही प्रतिनिधी. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळाकडे भरायची; मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार पाहायचे.

या व्यवस्थेविषयी व्यापाऱ्यांच्या तक्रारी आहेत, आणि त्या सर्वस्वी खोट्या नाहीत. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे मागणाऱ्या टोळ्यांचा जाच अनेकांनी सोसला आहे. लेव्हीचा भार जड वाटतो. थोरल्या बंधूंनी हे सारे बोलून दाखवले, आणि शेवटी इतकेही म्हणाले की हमाली, तोलाई, वाराई यांचे दर मात्र करार करून ठरतात आणि गाळ्यावरच्या शेवटच्या हमालालाही ते तोंडपाठ असतात. पोती किती उतरली हे टोळीही मोजते, गाळ्याचा मेहताजीही मोजतो. भांडण झाले तर दराचे होते. मोजणीचे सहसा होत नाही.

फरक तो इथे आहे. अंगमेहनत, फेरीवर मजुरी, अनेक धनी, यांत काहीच नवे नाही. नवे आहे ते मोजमाप एकाच पक्षाच्या ताब्यात जाणे. किराणा दुकानदाराचा काटा त्याच्या शब्दावर सोडलेला नाही. टॅक्सी-रिक्षाच्या मीटरलाही सरकारी सील असते, कारण भाडे देणारा आणि घेणारा दोघांनाही ते परीक्षून पाहता येत नाही. ज्या यंत्रावर आज लाखो माणसांची रोजची मजुरी तोलली जाते, ते यंत्र तपासायला कोणता निरीक्षक येतो? नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख कामगार असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे म्हटले. एवढ्या मोठ्या बाजारात एकाही काट्यावर शिक्का नाही.

सरकार स्वस्थ बसलेले आहे असे नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांची व्याख्या प्रथम आली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, कल्याणासाठी द्यावी अशी त्यात तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. हे पैसे आजारात, अपघातात उपयोगी पडतील आणि ते मिळालेच पाहिजेत. पण दवाखान्याचा खर्च देणे वेगळे आणि मजुरीचा हिशेब दाखवणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीकडे कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने थोडे लक्ष दिले : यंत्रणा निर्णय कसे घेते याची माहिती कामगाराला मिळावी, आणि कामावरून काढण्यापूर्वी कारण देऊन चौदा दिवसांची सूचना द्यावी, असे तो सांगतो. ज्याचे खाते एका सकाळी अचानक बंद पडले आहे, त्याला या चौदा दिवसांचे मोल विचारावे.

हिशेब उघडा केला तर धंदा बुडेल, हा युक्तिवाद बँकांनीही एके काळी केलाच होता. आता किरकोळ आणि लघुउद्योगाच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२४ पासून मुख्य तथ्यांचे विवरण द्यावे लागते. व्याज किती, शुल्क कोणकोणते, सर्व मिळून वर्षाचा दर किती, हे कर्जदाराला समजेल अशा भाषेत, सही घेण्यापूर्वी. दंड म्हणून व्याजाचा दर चढवण्यालाही रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. दंड आकारायचा तर तो शुल्क म्हणून, वाजवी आणि आधी सांगितलेला. बँका काही बंद पडल्या नाहीत. या तरुणालाही आठवड्याला तसेच एक पान मिळाले, ज्यात अंतर, वेळ, दर, वजावट आणि तिचे कारण असेल, तर कंपनीचे कोणते गुपित फुटणार आहे?

प्रतिक्रमणात ज्या अतिचारांची आलोचना केली जाते त्यांत कूटतुला, कूटमान आणि कूटलेख ही नावे येतात. अहिंसेच्या अतिचारांत अतिभारही येतो. शेठजींनी ती नावे लहानपणापासून उच्चारली आहेत. खोटे वजन, खोटे माप, खोटा लेख यांचा अर्थ त्यांना काट्याने, गजाने आणि खातेवहीने शिकवला. टॅबवरचा ‘तयार’ हा शब्द लेखात मोडतो की नाही, असा प्रश्न त्यांनी त्या आठवड्यात मुलाला विचारला. मुलगा हसला नाही, पण म्हणाला, “पप्पा, सगळे दाबतात. आपण एकट्याने नाही दाबलं तर कंपनी सुधारणार आहे का?” प्रश्न बिनतोड होता.

तरीही दुसऱ्या दिवसापासून माल खोक्यात भरल्याशिवाय बटण दाबायचे नाही, असे ठरले. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. साप्ताहिक पत्रकात ‘तयारीस विलंब’ या ओळीपुढे लाल आकडा येऊ लागला. तीन आठवड्यांत यादीतले नाव बरेच खाली गेले आणि माटुंग्याकडच्या मागण्या रोडावल्या. शेठजींनी दुपारी चारपासून एक जास्तीचा कारागीर ठेवला; त्याचा पगार निघेल एवढा धंदा त्या वेळेत होतोच असे नाही. ओळखीच्या घरांना त्यांनी स्वतः फोन करून विनंती केली की चौविहारासाठी काही हवे असेल तर दुपारी तीनच्या आत सांगावे, म्हणजे माल वेळेत तयार राहील आणि नेणाऱ्यालाही जीव मुठीत धरून गाडी हाकावी लागणार नाही. काहींनी आनंदाने मान्य केले. एका काकूंनी स्पष्ट सांगितले की इतका आधी विचार करायचा तर घरीच करू. मोबाईलवर मागवतो ते आयत्या वेळी मिळते म्हणूनच. त्यांचेही चूक नव्हते. सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी म्हणून सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या घराच्या दाराशी घामाघूम होऊन आलेला मुलगा शीवच्या चौकातला सिग्नल कसा ओलांडून आला असेल, हा विचार काकूंच्या मनात येण्याचे काही कारणच नव्हते. पडद्यावर तर नुसती एक छोटी गाडी सरकताना दिसते.

प्रतीक्षानगरचा तो तरुण अजून येतो. दुकानात आता त्याला पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागत नाही. इतर ठिकाणी लागते. त्याचा आठवड्याचा तपशील शेठजी कधीमधी पाहतात आणि ‘समायोजन’चा अर्थ अजूनही दोघांना लागलेला नाही. मुलगा दर सोमवारी लाल आकड्याचे पत्रक वडिलांपुढे ठेवतो, काही न बोलता. शेठजी ते वाचतात, घडी करतात आणि गल्ल्यात टाकतात. या प्रश्नावर पितापुत्रांचे अद्याप एकमत झालेले नाही.